घरातल्या पत्त्यांची वही

आमच्या घरात माणसं आठ आणि नेटला जोडलेल्या वस्तू तेवीस. गेल्या महिन्यात या तेवीस वस्तूंना पत्ते वाटायचं काम मी मोडेमकडून काढून घेतलं आणि एका जुन्या लॅपटॉपकडे सोपवलं. काम हाती घ्यायचं तर मोजदाद आलीच. मोडेमच्या यादीत एकतीस नावं दिसत होती. वरची आठ कुणाची, हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. भाभीला वाटलं, मी चोर शोधतेय.

संगणकाचा गंध नसलेल्यांनी पान मिटू नये. गोष्ट साधी आहे. घरात वायफायला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक आकडी पत्ता लागतो. फोनला, टीव्हीला, प्रिंटरला, जिन्यातल्या कॅमेऱ्यालासुद्धा. १९२.१६८.१.२० असा काहीतरी तो असतो. तुमच्या घरातही अगदी हाच पत्ता कुणाकडे तरी असेल, तरी भांडण होत नाही, कारण हे पत्ते घरापुरतेच असतात. प्रत्येक गल्लीत वीस नंबरचं घर असतं, तसं. पण एकाच घरात दोघांना एकच पत्ता मिळाला, की दोघांचाही खोळंबा. म्हणून पत्ते वाटणारा कुणीतरी एक लागतो. त्या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या ऑफिसात हे काम एक रजिस्टर करायचं. लाल कापडी बाइंडिंगचं, रेघा आखलेलं. नवं मशीन आलं की साहेब रजिस्टर उघडून रिकामा आकडा बघत, मशीनसमोर बसून तो टाईप करत आणि वहीत सही करत. हे सगळं आपोआप करणारी पद्धत तेव्हाही जुनीच होती. डीएचसीपीचा पहिला मसुदा १९९३ चा, आणि आजही चालतो तो राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला आरएफसी २१३१ मार्च १९९७ चा. त्याही आधी १९८५ पासून बूटपी नावाची एक पद्धत होती. पण साहेबांचा विश्वास रजिस्टरवर. आता मागे वळून पाहते तेव्हा ते रजिस्टर मला फारसं हास्यास्पद वाटत नाही. कुठलं मशीन कुणाचं हे त्यात एका नजरेत कळायचं, आणि ते रजिस्टर आमचं होतं.

डीएचसीपीमध्ये चार वाक्यांचं बोलणं होतं. फोन घरात शिरला की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो : इथं पत्ते कोण देतं? वाटणारा म्हणतो, मी देतो, हा घे. फोन म्हणतो, बरं, हाच मला द्या. वाटणारा म्हणतो, दिला, अमुक वेळेपर्यंत. हे ‘अमुक वेळेपर्यंत’ महत्त्वाचं. पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्याने मिळतो. आपल्याकडे घर भाड्याने घेताना अकरा महिन्यांचा करार करतात ना, तसाच. शहाणा भाडेकरू अकरावा महिना संपेपर्यंत थांबत नाही. फोनही थांबत नाही. निम्मी मुदत गेली की तो मालकाला हळूच विचारतो, वाढवून देता का? उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारत राहतो. आठातले सात भाग मुदत सरली की मग मालकाचा नाद सोडून मोठ्याने सगळ्यांनाच विचारतो, कुणी आहे का पत्ता वाढवून देणारं? भाड्याच्या घरात आयुष्य काढलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही.

मग मोडेम हे काम करत होताच, तर काढून का घेतलं?

पहिलं कारण तळमजल्यावर आहे. सोलापुरात आमच्या घराखालीच भाईजानचं छपाईचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, स्टिकर, लग्नपत्रिका. लाईट गेली आणि आली, की मोडेम सगळं विसरायचा आणि जो आधी विचारेल त्याला हाताला येईल तो पत्ता द्यायचा. एका शादीच्या सीझनमध्ये प्रिंटरचा पत्ता वरच्या मजल्यावरच्या टीव्हीला मिळाला. दुकानातला संगणक इमानेइतबारे पत्रिका टीव्हीकडे पाठवत राहिला. गिऱ्हाईक काउंटरवर उभं, मुलीकडचे लोक, वलीमा चार दिवसांवर, आणि भाईजान प्रिंटरला थापट्या मारतायत. मोडेममध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवायची सोय होती. मी ती वापरलीही. पण नेट बंद पडलं की कंपनीचा पोरगा यायचा, मागच्या भोकात टाचणी खुपसून मोडेम कोरा करायचा आणि ‘हो गया’ म्हणून जायचा. राखलेलं सगळं पुसलेलं. वर्षात तीनदा मी तेच तेच भरलं.

दुसरं कारण असं, की मोडेम पत्त्यासोबत आणखी दोन गोष्टी सांगतो. बाहेर जायचा दरवाजा कुठला, आणि साईटचं नाव घेतल्यावर तिचा आकडी पत्ता कुणाला विचारायचा. ही दुसरी विचारपूस म्हणजे डीएनएस. मोडेम ती स्वतःकडे घ्यायचा आणि पुढे कंपनीकडे द्यायचा. ते बदलायचं पान मला दिलेल्या लॉगिनमध्ये नव्हतंच. डीएचसीपी चालू-बंद करणं, मुदत कमी-जास्त करणं, पत्ते राखणं, एवढीच माझी सत्ता. आमच्या छताखाली, आमच्या विजेवर चालणारा डबा, आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे. यात बेकायदा काही नाही. पण मला ते खुपत होतं.

जो लॅपटॉप वापरला तो आठ-नऊ वर्षांचा, बिजागरी तुटलेला. घरगुती सर्व्हर म्हणून असा लॅपटॉप नव्या खोक्यापेक्षा बरा, असं माझं मत आहे. त्याला स्वतःची बॅटरी असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ज्यांनी दुपारी तीनला पंखा थांबताना पाहिलाय त्यांना याचं मोल सांगायला नको. त्यावर डेबियन टाकलं आणि डीएनएसमास्क नावाचा प्रोग्राम. हा ब्रिटनच्या सायमन केली यांनी लिहिलेला, फुकट आणि खुला. पत्ते वाटणं आणि नावांची विचारपूस, दोन्ही कामं हा एकटा करतो. त्याची सगळी मांडणी पंधरा-वीस ओळींत होते. दोन ओळींकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. काही सांगितलं नाही तर डीएनएसमास्क ‘बाहेरचा दरवाजा मीच’ असं सगळ्यांना सांगतो. पण आमचा दरवाजा अजूनही मोडेमच. नेट आत येतं ते त्याच्याच फायबरमधून, त्याचं फक्त पत्ते वाटायचं काम काढून घ्यायचं होतं. म्हणून दरवाज्याचा पत्ता स्पष्ट लिहावा लागतो. दुसरी ओळ अधिकाराची. ‘या घरात पत्ते देणारा मी एकटाच’ असं जाहीर करणारी. ती लिहिली की जुन्या मालकाचा पत्ता घेऊन आलेल्या अनोळखी फोनला हा ताटकळत ठेवत नाही. पत्ता आपल्या हद्दीत बसत असेल तर तोच ठेव म्हणतो. नसेल तर सरळ नाही म्हणतो आणि नवा देतो.

लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता मात्र हाताने लिहावा लागतो. वाटणाऱ्यानेच दुसऱ्याकडे मागायला जाऊन कसं चालेल? त्याला मी ५ नंबर दिला. १० ते ६० घरातल्या ठरलेल्या वस्तूंना, १०० ते १९९ येणाऱ्या-जाणाऱ्यांना.

बदलाचा दिवस ठरवणं हे खरं कौशल्याचं काम. मोडेमची मुदत चोवीस तासांची होती. तशीच ठेवून वाटप बदललं असतं तर काही वस्तू दिवसभर जुन्याच कराराला चिकटून राहिल्या असत्या. म्हणून आदल्या दिवशी मुदत एक तासावर आणली. निम्मी मुदत झाली की जो तो मोडेमकडे येतो, आणि येताना एका तासाचा करार घेऊन जातो. दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळे एका तासाच्या भाड्यावर. आता मोडेमने वाटप थांबवलं तरी साडेबावन्न मिनिटांत प्रत्येक जण मोठ्याने विचारणार, आणि तेव्हा उत्तर द्यायला लॅपटॉप उभा. दोघांना एकाच वेळी वाटू द्यायचं नाही. जो आधी बोलेल त्याचा पत्ता फोन घेतो, आणि मग एकाच घरात दोन रजिस्टरं सुरू होतात.

वेळ निवडली शुक्रवारची दुपार. अब्बा, भाईजान आणि मोठा भाचा जुम्याला गेले की त्यांचे फोनही मशिदीत जातात. दुकान बंद, प्रिंटर मोकळा. अम्मी आणि भाभी स्वयंपाकघरात. सव्वा वाजता मोडेमचं वाटप बंद केलं, लॅपटॉपचं चालू केलं आणि त्याच्या पडद्यावर एकेक ओळ उमटताना बघत बसले. आधी कॅमेरे आले, मग दुकानातला संगणक. पावणेदोनच्या सुमारास जिन्यात चपला वाजायच्या आधी पडद्यावर तीन फोन दिसले. जुम्याची मंडळी परत आली हे मला दारावरच्या बेलआधी कळलं.

आणि तिथेच मी जराशी थबकले.

कोण घरात आलं, कोण बाहेर गेलं, हे आता माझ्यासमोर लिहून येत होतं. हे सगळं मोडेमलाही कळत होतंच, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. आता बघणारी मी होते. यादीत आणखी एक गोष्ट दिसली, ती मोडेमच्या पानावर कधी नीट वाचलीच नव्हती. फोन पत्ता मागताना स्वतःचं नावही सांगतो. भाभीचा फोन स्वतःला भाईजानच्या नावाने ओळख सांगत होता. अम्मीचा फोन अब्बांच्या नावाने. कारण उघड आहे. फोन आणले पुरुषांनी, सुरू करून दिले पुरुषांनी. घरात चार बायका, आणि यादीत आपल्या नावाची मी एकटी. (धाकट्या भाचीकडे टॅबलेट आहे, त्याचं नाव कंपनीच्या मॉडेलचं.)

नावं बदलायला मी सगळ्यांकडे गेले. अम्मीने विचारलं, “मेरे फोन कू भी घर नंबर दिये क्या?” दिला, ११. तिने तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला, कशासाठी ते अल्लाह जाणे. जास्तीच्या आठ नावांचा उलगडाही इथेच झाला. प्रत्येक वस्तूच्या नेटच्या चिपला कारखान्यातच एक ओळखक्रमांक मिळतो. पण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन तो खरा क्रमांक लपवून बनावट क्रमांक सांगतात, बाहेर कुणी माग काढू नये म्हणून. कुणी वायफाय ‘विसरून’ पुन्हा जोडलं किंवा फोन पुसून नव्याने सुरू केला, की काही फोन नवा मुखवटा घालून येतात. मोडेमला वाटलं, नवा पाहुणा. म्हणजे चोर कुणी नव्हता, आमच्याच घरातले फोन बुरख्यात होते. भाभीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली.

मोठी भाची अकरावीत आहे. ती म्हणाली, “फुप्पी, माझ्या फोनला नाव देऊच नकोस.” का, तर “अब्बू यादी बघतील.” मी म्हटलं, नावाशिवाय ठेवते, तू शंभरच्या पुढच्या पाहुण्यांत राहा. ती राहिली.

तिचा अंदाज खरा ठरला. दोन दिवसांनी भाईजान वर आले. चहा घेतला, प्रिंटर छान चाललाय म्हणाले आणि मग मुद्द्यावर आले. “पोरी रात्री किती वाजेपर्यंत जाग्या असतात, काय बघतात, ते यात कळतं ना? तुझे तो सब दिखता होयेंगा.”

उत्तर सरळ देता आलं असतं, कारण तांत्रिकदृष्ट्या ते सोपं आहे. पत्त्यांच्या वहीत प्रत्येक ओळीत फक्त पाच गोष्टी असतात : मुदत कधी संपते, वस्तूचा क्रमांक, दिलेला पत्ता, सांगितलेलं नाव आणि आणखी एक ओळखखूण. कोण काय बघतं हे त्यात नसतं. पण नावांची विचारपूसही आता याच लॅपटॉपकडे येते, आणि डीएनएसमास्कमध्ये एक ओळ वाढवली की कुठल्या फोनने कुठल्या साईटचं नाव कधी विचारलं, ते सगळं लिहून ठेवता येतं. आत काय वाचलं ते कळत नाही, नाव मात्र कळतं. मूळ प्रोग्राममध्ये ही नोंद बंदच असते. ती चालू करणं म्हणजे एका शब्दाचं काम.

मी नाही म्हटलं. भाईजान माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. त्यांना नाही म्हणायची आमच्या घरात फारशी वहिवाट नाही. ते रागावले नाहीत, पण त्यांचे मुद्दे पोकळही नव्हते. कंपनीला तर सगळं दिसतच होतं, मग घरच्यांनी बघितलं तर काय बिघडलं? पोरींना फसवणारे कमी आहेत का? बाप म्हणून माझी जबाबदारी नाही का? मी एवढंच म्हटलं, की आमच्या घरात माझी पत्रं आधी चाचांकडे जायची. पुण्याला शिकायला गेलेल्या मैत्रिणीची पत्रं. फोडलेली, पुन्हा डिंकाने चिकटवलेली मिळायची. त्यांत काही वाईट नसायचं. हॉस्टेलच्या जेवणाच्या तक्रारी असायच्या. तरी काही महिन्यांनी मीच तिला लिहिलं, आता पाठवू नकोस. खालच्या मजल्यावर एकाच लाईनचा दुसरा फोन होता, तो कुणीतरी उचलल्याची टिक अजून माझ्या कानात आहे. भाईजानला ती पत्रं आठवत होती. ते काही बोलले नाहीत.

मग आम्ही मधला मार्ग काढला. तो मला पूर्ण पटलेला नाही आणि त्यांनाही नाही. फसवणुकीच्या आणि घाणेरड्या साईटींच्या याद्या मिळतात. त्यांतल्या नावांना लॅपटॉप ‘असा पत्ता नाही’ असं उत्तर देतो, आणि ते सगळ्यांना सारखंच, भाईजानलाही. रात्रीचं काय, ते त्यांनी मुलीशी बोलून ठरवावं. आणि जेवताना सगळे एकत्र असताना मी सांगितलं, की हे यंत्र काय लिहून ठेवतं आणि काय ठेवत नाही. अब्बांनी विचारलं, “आणि तू उद्या ती ओळ टाकलीस तर आम्हाला कसं कळणार?” प्रश्न चोख होता. म्हणून मांडणीच्या त्या वीस ओळींचा प्रिंट काढून लॅपटॉपच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. आणि मोठ्या भाचीला लॅपटॉपचा पासवर्ड दिला आहे. ती विज्ञान शाखेत आहे, वाचून समजेल. महिन्यातून एकदा ती माझी तपासणी करते.

एक गोष्ट माझ्या हातात आलेली नाही. मोडेम आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचे पत्ते अजूनही स्वतःच पुकारतो आणि त्यासोबत विचारपूस माझ्याकडे करा असंही काही फोनांना सांगतो. ते बंद करायचं बटण माझ्या लॉगिनमध्ये नाही. म्हणजे घरातली थोडी विचारपूस अजून जुन्याच वाटेने जाते. मोडेम स्वतःचा विकत घेईपर्यंत हे असंच राहणार.

दुसरीकडे, मोडेम बंद पडला तर आधी आम्ही कंपनीला नावं ठेवायचो. लॅपटॉप बंद पडला तर आता माझं नाव. मी बाहेरगावी असते तेव्हा काय, हा विचार आधी करायलाच हवा होता, आणि केला. करार आता बारा तासांचा आहे, म्हणजे लॅपटॉप मेला तरी ज्याच्याकडे पत्ता आहे त्याचा तो किमान सहा तास तरी शाबूत. पण नावांची विचारपूस मात्र तत्क्षणी थांबते, आणि घरच्यांच्या भाषेत ‘नेट गेलं’. म्हणून कपाटाच्या दाराला दुसरा कागद आहे, मराठीत आणि उर्दूत : लॅपटॉपची वायर काढा, मोडेमचं पान उघडा, वाटप चालू करा, फोनचं वायफाय बंद करून पुन्हा लावा. घर जसं आधी चालत होतं तसं चालू लागतं. फक्त प्रिंटर सोडून.

भाभीकडून मी दोनदा सराव करून घेतला. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, दुसऱ्यांदा चार. मागच्या आठवड्यात मी पुण्यात असताना लॅपटॉपचा चार्जर जळाला. रात्री नऊला भाभीचा मेसेज आला, की काम झालं, नेट चालू आहे, आणि खाली भाईजानना उद्या सकाळी एक हजार स्टिकर द्यायचे आहेत तर प्रिंटरचा नंबर तेवढा सांग. मी सांगितला, १२. नवा चार्जर काल आला.